जुन्या मोटारीची राखण

'जुने ते सोने' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पण सोने म्हटले की त्याच्यामागे चोर आलाच, ही त्या म्हणीची दुसरी बाजू मात्र कोणी सहसा बोलून दाखवीत नाही. अंधेरीच्या एखाद्या जुन्या बंगल्याच्या पडवीत, मुलुंडच्या एखाद्या सोसायटीच्या आवारात, बोरिवलीला गल्लीच्या टोकाशी, ताडपत्रीखाली झाकलेली एखादी जुनी मोटार आपण पाहिलेली असते. वडिलांनी घेतलेली, आजोबांनी वापरलेली. मालकाला विचारावे, "अहो, हिच्या राखणीचं काय?" तर तो हसून म्हणतो, "हिला कोण चोरतोय! धक्का मारल्याशिवाय सुरू होत नाही ती." हे उत्तर ऐकायला गोड आहे, पण खरे नाही. जुन्या मोटारीवर चोराचा डोळा असतो, आणि तो का असतो हे समजून घ्यायचे तर थोडा इतिहास पाहावा लागतो. तोच आज वाचकांपुढे मांडावा असे मनात आहे.

प्रथम 'जुनी' कोणती म्हणायची हे ठरवू. इंग्लंडात १९३४ साली अशा मोटारींच्या शौकिनांनी एक मंडळ काढले, आणि १९३० अखेरपर्यंतच्या गाड्यांना 'व्हिंटेज' म्हणायचे असा दंडक घालून घेतला. आपल्याकडे 'स्टेट्समन' वृत्तपत्राने १९६४ पासून दिल्लीत जुन्या मोटारींची फेरी भरवायला सुरुवात केली, आणि लोकांच्या लक्षात आले की ज्या गाड्यांना आपण भंगार समजत होतो त्यांना पाहायला रस्त्याच्या दुतर्फा गर्दी होते! कायद्याने मात्र या प्रश्नाचे उत्तर द्यायला २०२१ साल उजाडले. त्या वर्षीच्या जुलै महिन्यात केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून सांगितले, की पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेली, खासगी वापराची, आणि मूळ रूपात फारसा बदल न करता सांभाळलेली गाडी ही 'व्हिंटेज' होय. म्हणजे आपल्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९७४ मध्ये बाहेर पडलेली फियाटही आता त्या मानाच्या पंक्तीत बसू शकते.

आता चोरीकडे वळू. वाहनाची चोरी ही मोटारीबरोबर जन्माला आली असे नाही. मोटारीच्या आधी घोडा होता, आणि घोड्याची ओळख पटवणे हा राजेरजवाड्यांपुढचा मोठा प्रश्न होता. सरदाराने चांगला घोडा दाखवून पगार उचलायचा आणि प्रत्यक्ष लढाईत भलतेच मरतुकडे तट्टू उभे करायचे, असा सर्रास प्रकार चाले. त्यावर चौदाव्या शतकाच्या आरंभी अलाउद्दीन खिलजीने घोड्याला डाग देण्याची पद्धत घातली. अकबराने १५७० नंतरच्या दशकात तीच पद्धत पुन्हा शिस्तीने चालू केली. घोड्याच्या अंगावर तापल्या लोखंडाचा डाग द्यायचा आणि कागदावर त्याचे व स्वाराचे वर्णन लिहून ठेवायचे, यालाच 'दाग' आणि 'चेहरा' म्हणत. आपल्या मराठी फौजेतही बारगिराचा घोडा सरकारी पागेतला, तर शिलेदाराचा स्वतःचा, आणि कोणाचा घोडा कोणता याचा हिशेब ठेवावाच लागे.

हे एवढ्यासाठी सांगितले, की मोटारीच्या राखणीचे मूळ सूत्र हेच आहे. अंगावरचा डाग आणि कागदावरचा चेहरा, हे दोन्ही जुळले तर मालकी सिद्ध होते. मोटारीच्या सांगाड्यावर, म्हणजे चॅसिसवर, ठोकलेला क्रमांक हा तिचा डाग. नोंदणीचे पुस्तक हा तिचा चेहरा. चोराची सारी कला या दोहोंची फारकत करण्यात असते.

मुंबईत मोटारी आल्या त्या एकोणिसावे शतक संपता संपता. सुरुवातीच्या त्या मूठभर गाड्या चोरून नेणार कोण, आणि नेऊन लपवणार कुठे? शिवाय त्या काळची मोटार सुरू करणे हे येरागबाळ्याचे काम नव्हते. पुढे उभे राहून लोखंडी हँडल मारायचे, हात उलटा झटका खाऊन मोडणार नाही याची काळजी घ्यायची, मग फटफट आवाज करीत इंजिन जागे व्हायचे. तोपर्यंत सारा मोहल्ला जागा! मोटारीबरोबर शोफर असे, त्याच्या हाताखाली क्लीनर असे, आणि रात्री क्लीनर बहुधा गाडीजवळच पथारी पसरी. माणूस हेच कुलूप होते.

हे चित्र पालटले ते एका चांगल्या शोधामुळे. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग नावाच्या अभियंत्याने विजेवर चालणारा स्टार्टर तयार केला, आणि १९१२ सालच्या कॅडिलॅक गाडीत तो बसवला गेला. हँडल मारण्याची दगदग संपली. गंमत पाहा, या केटरिंगच्या कंपनीचे आद्याक्षरांवरून पडलेले नाव 'डेल्को'. आपल्याकडचे जुने मेकॅनिक इंजिनाच्या ठिणग्या वाटून देणाऱ्या भागाला, म्हणजे डिस्ट्रिब्यूटरला, अजूनही 'डेल्को'च म्हणतात! पण जी सोय मालकाला झाली तीच चोरालाही झाली. बटण दाबले की गाडी सुरू. अमेरिकेत मोटारी लाखांनी वाढल्या, एका राज्यातून गाडी पळवून दुसऱ्या राज्यात विकण्याचा धंदाच उभा राहिला, आणि १९१९ मध्ये तिथल्या काँग्रेसला खास कायदा करून चोरीची गाडी राज्याच्या सीमेपार नेणे हा केंद्रीय गुन्हा ठरवावा लागला.

हिंदुस्थानात १९१४ साली मोटार वाहनांचा पहिला अखिल देशाचा कायदा झाला. गाडीची नोंदणी करायची आणि दिलेला क्रमांक पाटीवर लावायचा, ही शिस्त त्यातून देशभर रूढ झाली. १९१९ मध्ये मुंबईत वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशन ही मोटारवाल्यांची संस्था निघाली. पुढे १९३९ चा आणि नंतर १९८८ चा असे कायदे आले. मुंबईच्या गाड्यांच्या पाट्यांवर आधी 'बीएम' ही अक्षरे असत, महाराष्ट्र राज्य झाल्यावर 'एमआर', 'एमएम' अशा अक्षरांच्या मालिका आल्या, आणि १९८९ पासून 'एमएच' आले. उपनगरांपुरते बोलायचे तर अंधेरीचा ०२, पूर्व उपनगरांचा ०३, आणि अलीकडे बोरिवलीचा ४७. एखाद्या जुन्या गाडीवर मूळची 'बीएम' पाटी टिकून असेल तर ती नुसती पत्र्याची पट्टी समजू नका. तो इतिहासाचा पुरावा आहे, आणि म्हणूनच चोरबाजारात तिलाही गिऱ्हाईक मिळते.

राखणीच्या इतिहासातला सर्वांत नाट्यमय प्रसंग मात्र चोरांमुळे घडला नाही, तो युद्धामुळे घडला. १९४० च्या उन्हाळ्यात फ्रान्स पडला, आणि जर्मन सैनिक हवाई छत्र्यांनी इंग्लंडात उतरतील अशी धास्ती निर्माण झाली. उतरलेल्या शत्रूला रस्त्यावर उभ्या असलेल्या मोटारी आयत्याच मिळू नयेत, म्हणून सरकारने हुकूम काढला, की गाडी सोडून जाताना ती चालू होणार नाही अशी व्यवस्था मालकाने केलीच पाहिजे. लोक काय करीत? डिस्ट्रिब्यूटरचे झाकण उघडून आतला रोटर, अंगठ्याएवढा तो तुकडा, काढून खिशात टाकीत. बस्स! तो नसला की ठिणगी नाही, आणि ठिणगी नसली की मोठ्यातली मोठी मोटार म्हणजे नुसते लोखंडी कपाट. ही युक्ती आज ऐंशीहून अधिक वर्षे जुनी झाली, तरी जुन्या गाडीला तिच्यासारखा स्वस्त पहारेकरी दुसरा नाही.

आता आपल्या उपनगरांकडे येऊ, कारण या विषयात उपनगरांचे स्थान फार मोठे आहे. सोलापुरात जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी काढली, आणि कुर्ल्याला तिचा कारखाना उभा राहिला. आरंभी अमेरिकेतल्या क्रायस्लर कंपनीशी करार होता. डॉज, डी-सोटो, प्लायमाउथ या गाड्या तिथे जुळवल्या जात. मग इटलीच्या फियाट कंपनीशी संबंध जुळला आणि १९५० नंतरच्या दशकात फियाट ११०० आली. तिच्या गोलमटोल नाकाडामुळे आपल्या मराठी माणसाने तिचे बारसे करून टाकले, 'डुक्कर फियाट'! नावात तुच्छता नव्हती, माया होती. पुढे १९६० नंतरच्या दशकात 'डिलाइट' आली, आणि १९७४ मध्ये त्याच गाडीचे नाव 'प्रीमियर पद्मिनी' झाले. १,०८९ घनसेंटिमीटरचे ते चार सिलिंडरांचे इंजिन आणि सुकाणूच्या दांड्यालाच असलेला गिअर, हे साऱ्या पश्चिम भारताच्या हाताला सवयीचे झाले. तिकडे कांदिवलीला महिंद्रांचा कारखाना आणि भांडुपला लॅम्ब्रेटा स्कूटरचा. आज ज्यांना आपण 'क्लासिक' म्हणतो त्यांतली कितीतरी वाहने या आपल्या लोकल गाडीच्या दोन मार्गांवरच जन्मली!

त्या काळात नवी मोटार मिळणे किती कठीण होते हे आजच्या तरुणांना सांगूनही खरे वाटत नाही. पैसे भरून वर्षानुवर्षे पाळीची वाट पाहायची. १९६९ मध्ये तर सरकारने मोटारींच्या किमतीही कायद्याने बांधून दिल्या. जिथे नवी वस्तू मिळत नाही तिथे जुनीची किंमत चढते, आणि किंमत चढली की चोर येतो. हा अर्थशास्त्राचा अगदी साधा नियम आहे. शिवाय एकाच तऱ्हेची गाडी खासगी आणि टॅक्सी अशा दोन्ही रूपांत हजारोंनी धावत होती. एका गाडीचे दार दुसरीला बसे, एकीचा कार्बोरेटर दुसरीला चाले. त्यामुळे अख्खी गाडी विकण्यापेक्षा ती सोडवून सुटे भाग विकणे जास्त सोपे आणि जास्त निर्धोक झाले.

आणि ती गाडी उघडणे काय अवघड होते? पुढच्या दाराच्या काचेला लागून एक छोटी तिकोनी काच असे, वारा घ्यायला. तिची कडी जरा ढिली झाली की पातळ पट्टी सारून ती उघडायची, हात आत घालायचा, दार मोकळे! मग डॅशबोर्डाखालच्या दोन तारा एकमेकींना जोडून गाडी 'डायरेक्ट' करायची. पश्चिमेकडे सुकाणूलाच कुलूप लावण्याची पद्धत साठीच्या दशकात रुळू लागली, आणि १९७० पासून अमेरिकेत चोरीविरुद्धचे कुलूप नव्या गाड्यांना सक्तीचे झाले. युरोपात १९९८ पासून प्रत्येक नव्या मोटारीत विजेचे गुप्त कुलूप आले. किल्लीतली खूण जुळल्याशिवाय इंजिन सुरूच होत नाही. जुन्या गाडीत यातले काहीच नाही. म्हणून जुन्या गाडीच्या मालकाने नव्या गाडीच्या मालकाइतका निर्धास्तपणा बाळगणे बरे नव्हे.

कुर्ल्याचा पद्मिनीचा कारखाना विसावे शतक संपता संपता थंडावला. २०२३ च्या ऑक्टोबर अखेरीस मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत भरून रस्त्यावरून उतरली, तेव्हा वर्तमानपत्रांनी मृत्युलेख लिहावेत तसे लेख लिहिले. पण चोरीच्या दृष्टीने याचा अर्थ काय, हे कोणी लिहिले नाही. टॅक्सी होत्या तोवर त्यांच्यासाठी सुटे भाग बनत होते, विकले जात होते. आता मूळचा दिवा, मूळचा बंपर, चाकावरची चकचकीत टोपी, नाकावरचे बोधचिन्ह हे सारे दुर्मिळ झाले आहे. आणि दुसरीकडे हौशी लोक जुन्या गाड्या पुन्हा उभ्या करू लागले आहेत. मागणी वाढली, पुरवठा आटला. तेव्हा ताडपत्रीखालची गाडी ज्याला 'कोण चोरतोय' वाटते, त्याने एवढे ध्यानात घ्यावे, की चोराला ती चालवायची नसते. त्याला ती कापायची असते.

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या गाड्यांच्या भागांची जी मोठी बाजारपेठ आहे, ती हौशी माणसाचे तीर्थक्षेत्रच. तिथले सगळेच चोरीचे असे म्हणणे अन्यायाचे होईल. रीतसर भंगारात काढलेल्या गाड्यांवर पोट भरणारे प्रामाणिक दुकानदार तिथे पिढ्यान् पिढ्या आहेत. पण वाचकहो, आपणही स्वतःला एक प्रश्न विचारला पाहिजे. शंभराची वस्तू कोणी पंधरा रुपयांना, पावतीशिवाय देत असेल, तर ती आली कुठून? आज दुसऱ्याच्या गाडीचा दिवा आपण घेतला, तर उद्या आपल्या गाडीचा दिवा दुसरा कोणी घेणार. चोराला बाजार लागतो, आणि तो बाजार आपल्यासारखी सभ्य माणसेच चालवतात.

अख्खी गाडी विकायची असेल तर चोर क्रमांक बदलतो. चॅसिसवरचा जुना आकडा कानशीने घासायचा आणि नवा ठोकायचा, किंवा भंगारात गेलेल्या गाडीचे कागद मिळवून तिचा क्रमांक चोरीच्या गाडीला द्यायचा. हीच ती अलाउद्दीनाच्या काळातली घोड्यांची अदलाबदल! पण लोखंडाला स्मरणशक्ती असते. आकडा ठोकताना घणाच्या घावाने खालच्या थरापर्यंत धातू दाबला जातो. वरचा आकडा घासून सपाट केला तरी आतला दाब राहतो. त्या जागी विशिष्ट आम्लमिश्रण लावले की दाबलेला आणि न दाबलेला धातू वेगवेगळ्या वेगाने झिजतो, आणि पुसलेला आकडा भुतासारखा वर उमटतो. न्यायवैद्यक प्रयोगशाळांमध्ये ही परीक्षा नेहमी केली जाते, आणि आपल्या राज्याची अशी मुख्य प्रयोगशाळा सांताक्रूझजवळ कालिन्यालाच आहे. गाडी कुर्ल्याला जन्मते आणि तिची हरवलेली ओळख दोन कोसांच्या आत पटवता येते!

बरे, मग करायचे काय? सगळे उपाय सांगत बसलो तर पुस्तक होईल. मुद्द्याचे तेवढे सांगतो.

पहिली गोष्ट, कुलूप चोराला थांबवत नाही, त्याचा वेळ खाते. चोराजवळ सगळे असते, वेळ नसतो. म्हणून एक भारी कुलूप लावण्यापेक्षा दोन वेगवेगळ्या जातीची अडसरे घालावीत. गिअरच्या दांड्याला कुलूप ही एक जात. कॉइलकडे जाणाऱ्या तारेत एखादे छुपे बटण बसवणे ही दुसरी. मात्र बॉनेट उघडता आले तर जाणता चोर थेट बॅटरीवरून तार जोडील, म्हणून बॉनेटलाही कुलूप हवे. रोटर काढून ठेवणे उत्तम, पण फियाटचा रोटर मिळत नाही अशातला भाग नाही. माहितगार माणूस तो खिशात घालून येईल. गाडी महिनोन् महिने उभीच राहणार असेल तर एका चाकाला लोखंडी पकड लावावी, आणि तोंड भिंतीकडे करून उभी करावी.

दुसरी गोष्ट आजच्या काळातली. गाडी कुठे आहे हे उपग्रहाच्या साहाय्याने फोनवर कळवणारी यंत्रे आता स्वस्त झाली आहेत. ती जरूर बसवावीत. पण एक मेख आहे. जुनी गाडी उभी राहून राहून तिची बॅटरी उतरते, आणि बॅटरी उतरली की यंत्रही मुके होते. शिवाय बॅटरी तोडण्याचे बटण बसवले असेल तर त्या यंत्राची तारही त्याबरोबर तुटते. म्हणून स्वतःची वेगळी बॅटरी असलेले यंत्र घ्यावे, आणि महिन्यातून एकदा तरी ते बोलते आहे ना हे पाहावे.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि तिला पैसा लागत नाही. दिवसाढवळ्या उचल-गाडी आणायची, साखळी लावायची आणि 'गॅरेजात नेतोय' म्हणून जुनी मोटार ओढून न्यायची, याला कोणते कुलूप अडवील? इथे अडवतो तो शेजारी. समजा, घाटकोपरच्या एखाद्या सोसायटीत चार लोक गाडी ओढताहेत. वॉचमनला जर ठाऊक असेल, की तिसऱ्या मजल्यावरच्या काकांची गाडी काकांच्या परवानगीशिवाय हलत नाही, तर तो एक फोन करील. ठाऊक नसेल तर तोच दरवाजा उघडून सलाम ठोकील! तेव्हा वॉचमनशी, समोरच्या वाण्याशी, खेळणाऱ्या पोरांशी त्या गाडीची ओळख करून द्या. पोरांना एखाद्या रविवारी आत बसू द्या, भोंगा वाजवू द्या. ती गाडी गल्लीची झाली की गल्ली तिला राखते. धूळ खात, चाके बसलेल्या अवस्थेत ती रस्त्यावर पडून राहिली, तर चोराच्या आधी पालिकाच तिच्यावर बेवारस म्हणून नोटीस चिकटवील, आणि मग ती उचलून नेताना कोणालाच नवल वाटणार नाही. जिची निगा राखली जाते तिच्याकडे चोर जरा बिचकूनच पाहतो.

चौथी गोष्ट कागदांची. आपला मध्यमवर्गीय माणूस दागिन्यांच्या पावत्या जपून ठेवतो आणि मोटारीचे पुस्तक मोटारीच्याच कप्प्यात ठेवतो! ते घरात ठेवा. चॅसिसचा आणि इंजिनाचा क्रमांक यांचे स्पष्ट फोटो घ्या. गाडीच्या चारी बाजूंचे, आतल्या बैठकीचे, दारावरच्या त्या जुन्या ओरखड्याचेसुद्धा फोटो ठेवा. ओरखडा हाही एक 'चेहरा' आहे. दिवे, बंपर, कार्बोरेटर यांच्या न दिसणाऱ्या बाजूवर आपली एखादी खूण कोरून ठेवा. गाडी वडिलांच्या नावावर असेल आणि ते हयात नसतील, तर ती रीतसर आपल्या नावावर करून घ्या. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण दर पाच वर्षांनी करावे लागते, तेही चुकवू नका. कागद मेलेली गाडी चोरीला गेली, तर फिर्याद द्यायला उभे राहणाराच आधी प्रश्नांच्या भोवऱ्यात सापडतो.

विम्याचे थोडे सांगितले पाहिजे. विम्यात गाडीची किंमत वयाप्रमाणे घटत जाते, आणि पाच वर्षांवरच्या गाडीची किंमत विमेदार आणि कंपनी यांनी परस्परसंमतीने ठरवायची असते. जुन्या गाडीचा मालक इथेच गाफील राहतो. हप्ता वाचावा म्हणून किंवा कोणी सांगितले म्हणून क्षुल्लक आकडा लिहून मोकळा होतो, आणि गाडी गेल्यावर त्याच्या हातावर तेवढाच आकडा ठेवला जातो. आधीच जाणकाराकडून मूल्यांकन करून घ्यावे आणि तो आकडा पॉलिसीवर लिहून घ्यावा. २००२ च्या मोटार विम्याच्या दरपत्रकात १९४० अखेरपर्यंत बनलेल्या, व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लबने दाखला दिलेल्या गाड्यांना हप्त्यात सवलत ठेवलेली होती, आणि पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनने मान्य केलेले चोरीप्रतिबंधक यंत्र बसवल्यास अडीच टक्के, पण पाचशे रुपयांच्या आत, सूट होती. सूट छोटी, पण तिच्यामागचे तत्त्व मोठे. राखण करणाऱ्याचा धोका कमी, हे विमावाल्यांनीही मान्य केले होते.

आणि एवढे करूनही गाडी गेलीच तर? कपाळाला हात लावून बसू नका. तडक पोलीस ठाणे गाठा. १८६० च्या दंडसंहितेत चोरीची शिक्षा ३७९ व्या कलमात होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे ३०३ वे कलम आले आहे. व्याख्या मात्र तीच आहे, आणि ती मोठी सूक्ष्म आहे. दुसऱ्याच्या ताब्यातली वस्तू त्याच्या संमतीवाचून लबाडीने नेण्यासाठी जागेवरून हलवली, की चोरी पुरी झाली. फाटकाबाहेर नेईपर्यंत थांबावे लागत नाही! राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे देशभरातल्या चोरीच्या आणि सापडलेल्या वाहनांची नोंद असते. तिथे आपला चॅसिस क्रमांक बिनचूक चढला आहे ना, याचा पाठपुरावा करा. तपास लागला नाही, तर पोलीस न्यायालयाला 'अ समरी' पाठवतात, म्हणजे गुन्हा खरा पण छडा लागला नाही. विम्याच्या दाव्याला ती बहुधा लागते.

गाडी सापडली तरी सुटलो असे समजू नये. पोलीस ठाण्याच्या आवारात पावसापाण्यात सडणाऱ्या गाड्या आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. चोराने जे केले नाही ते चार पावसाळे करतात. सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली गुजरातमधल्या एका खटल्यात स्पष्ट सांगितले, की अशी वाहने ठाण्यात दीर्घकाळ पडू देण्यात काही अर्थ नाही. फोटो काढून, हमी घेऊन ती लवकर परत द्यावीत. तेव्हा गाडी सापडल्याचे कळताच ताब्यासाठी न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. वर सांगितलेले फोटो आणि कागद त्या वेळी उपयोगी पडतील.

शेवटी नोंदणीच्या नव्या तरतुदीकडे पुन्हा येतो. २०२१ च्या नियमांनुसार पन्नाशी उलटलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. आधी नोंदलेल्या गाडीला तिचा जुना क्रमांक राखता येतो. नव्याने नोंदणाऱ्या गाडीला 'व्हीए' या अक्षरांची खास मालिका मिळते. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये, पुनर्नोंदणीचे पाच हजार, आणि दाखला दहा वर्षांचा. रोजच्या वापराला किंवा धंद्याला मात्र ती गाडी नेता येत नाही. काही जणांना शुल्क जड वाटेल. पण असा विचार करा, की जी वस्तू सरकारदफ्तरी 'भंगार' नसून 'वारसा' म्हणून नोंदली गेली, ती चोराला पचवायला कठीण जाते आणि वारसांना फुंकायला लाज वाटते.

आमच्या विषयात आम्ही विद्यार्थ्यांना सांगतो, की किल्ले, ताम्रपट, बखरी ही इतिहासाची साधने. पण कुर्ल्याच्या कामगाराने जोडलेली, मराठी कुटुंबाने आयुष्यभराची पुंजी घालून घेतलेली, जिच्यात बसून लग्नाची वरात गेली आणि जिच्या टपावर बिछाने बांधून मंडळी कोकणात गणपतीला गेली, ती मोटारही या शहराच्या इतिहासाचे साधन आहे. ताम्रपट वितळवला तर राजाची एक देणगी नाहीशी होते. अशी एक गाडी रातोरात कापली गेली तर एका पिढीचे कष्ट पत्र्याच्या भावाने किलोवर विकले जातात. कारखाना तर गेलाच. त्याची साक्ष देणाऱ्या ज्या काही गाड्या उपनगरांच्या गल्ल्यांत उरल्या आहेत, त्यांची संख्या आता कमीच होत जाणार. ज्यांच्या दारात त्यांतली एखादी उभी आहे, त्यांनी आज संध्याकाळी ताडपत्री उचलून चॅसिसचा क्रमांक एकदा पुस्तकाशी ताडून पाहावा. राखणीची सुरुवात तिथूनच होते.